घड्याळ बघा, मुलाची वाट बघू नका

मैत्रिणींनो, आपल्या आईच्या, आजीच्या तोंडी एक वाक्य हमखास असायचं, 'अमक्याच्या अंगावरून वारं गेलं.' गावाकडे अजूनही असंच म्हणतात. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात, पुस्तकात पक्षाघात किंवा अर्धांगवायू असं लिहिलेलं असतं, कुणी लकवा म्हणतं, कुणी पॅरालिसिसचा झटका. नाव काहीही घ्या, डोळ्यांपुढे चित्र एकच येतं. ओसरीवर खाट, एक हात लुळा, तोंड वाकडं, आणि उशाशी बसून पेज भरवणारी घरातली बाई. वारं गेलं म्हटलं की संपलं, आता नशिबाला बोल लावायचा आणि पुढची दहा वर्षं करत राहायचं, असाच आपला सगळ्यांचा समज.

हा समज आता जुना झालाय. गेल्या दहा-बारा वर्षांत स्ट्रोकच्या उपचारात फार मोठा फरक पडला आहे. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी आता अक्षरशः ओढून बाहेर काढता येते. ज्या पेशंटला पूर्वी डॉक्टर 'वाट बघू या' एवढंच सांगत, त्यातले कित्येक जण तीन महिन्यांनी स्वतःच्या हाताने जेवतात, स्वतः बाजारात जातात. पण याला एक अट आहे. वेळेची. आणि ही वेळ बहुतेक वेळा हॉस्पिटलात जाण्याआधीच, आपल्या घरात, आपल्या अंगणात वाया जाते. म्हणून आज या विषयावर लिहावंसं वाटलं. हा विषय डॉक्टरांचा आहे तितकाच तुमचा-माझाही आहे.

आधी आजार समजून घेऊ. स्ट्रोक मुख्यतः दोन प्रकारचे. एकात मेंदूतली रक्तवाहिनी फुटते आणि रक्तस्राव होतो. दुसऱ्यात रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढे रक्त जात नाही. दुसरा प्रकार जास्त आढळतो. नळाच्या पाइपमध्ये गाळ अडकला की पुढच्या घराला पाणी मिळत नाही, तसंच. फरक इतकाच, की पाण्यावाचून घर दिवसभर तग धरतं, मेंदू तेवढा थांबत नाही. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली याचा हिशोबच मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात. दर मिनिटाला! आपण चहाचं आधण ठेवून तो गाळेपर्यंत किती झाल्या, याचा हिशोब तुम्हीच करा.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आलं ते १९९५-९६ च्या सुमारास. सुरुवातीला ते लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आतच देत. २००८ साली युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासानंतर ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. हे इंजेक्शन आजही महत्त्वाचं आहे. टेनेक्टेप्लेज नावाचं असंच एक औषध तर आपल्या पुण्यातली जेनोव्हा कंपनी बनवते. पण गुठळी मोठी असली, मेंदूच्या मुख्य रक्तवाहिनीत बसलेली असली, की इंजेक्शनने ती बऱ्याचदा विरघळत नाही. आणि तीव्र स्ट्रोक असतो तो बहुधा हाच. एक अख्खी बाजू गळून जाते, वाचा बसते, डोळे एकीकडे वळतात, माणूस गुंगीत जातो.

अशा वेळी करतात ती थ्रॉम्बेक्टॉमी. नाव अवघड असलं तरी काम समजायला सोपं आहे. जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी आत सरकवत मेंदूपर्यंत नेतात. तिच्या टोकातून बारीक तारांची जाळी उघडते, गुठळी त्यात अडकते आणि जाळीसकट ओढून काढतात. कधी गुठळी नुसती शोषून घेतात. डोक्याची कवटी उघडावी लागत नाही. हृदयाच्या अँजिओप्लास्टीसाठी असते तशी कॅथलॅब लागते आणि त्या कामात तरबेज डॉक्टर लागतात.

आकडे काय सांगतात?

नवीन उपचार म्हटला की आपल्या मनात पहिली शंका येते, 'हे पैसे काढायचं काम तर नाही ना?' शंका रास्त आहे, म्हणून आकडे सांगते. नेदरलँड्समध्ये ५०० रुग्णांवर एक अभ्यास झाला, 'मिस्टर क्लीन' या नावाचा. त्याचा निकाल २०१५ च्या सुरुवातीला छापून आला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी १९ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी आपलं आपण करण्याइतके सावरले होते. ज्यांची गुठळीही काढली, त्यांच्यात हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास गेलं. त्याच वर्षी आणखी चार अभ्यासांचे निकाल आले आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. पाचही अभ्यासांतले मिळून १२८७ रुग्ण एकत्र करून २०१६ साली हिशोब मांडला, तेव्हा गुठळी काढलेल्यांपैकी ४६ टक्के आणि न काढलेल्यांपैकी साडेसव्वीस टक्के रुग्ण स्वतःच्या पायावर उभे होते. ऐंशी वर्षांच्या पुढच्यांनाही फायदा झाला होता. पुढे बायका आणि पुरुष असा वेगळा हिशोब केला, तेव्हा उपचाराचा गुण दोघांनाही सारखाच येतो असं दिसलं.

ही शेवटची दोन वाक्यं जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता वेळेचं बघू. त्याच पाच अभ्यासांतल्या रुग्णांचं घड्याळ लावून पाहिलं, तेव्हा लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांत ज्यांचा रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाला, त्यांच्यातले ६४ टक्के लोक पुढे स्वावलंबी झाले. ज्यांचा आठ तासांनी सुरू झाला, त्यांच्यात ४६ टक्के. गुठळी तीच, जाळी तीच, डॉक्टर तसेच. फरक फक्त घड्याळाचा. एवढंच कशाला, हॉस्पिटलच्या दारात आल्यापासून रक्तपुरवठा सुरू होईपर्यंतचा वेळ नुसता पंधरा मिनिटांनी कमी केला, तर दर हजार रुग्णांमागे ३९ जणांचं अपंगत्व कमी होतं आणि त्यातले २५ जण स्वावलंबी होतात, असा त्यांचा अंदाज आहे. पंधरा मिनिटं म्हणजे किती? 'थांब, जरा साडी बदलून येते' म्हणेपर्यंत जातात.

मग उशीर झाला की सगळं संपलं का? तसंही नाही, आणि हे सांगणं तितकंच गरजेचं आहे. कारण 'आता काय उपयोग' म्हणून पेशंटला घरीच ठेवणारेही आपल्याकडे कमी नाहीत. काही जणांच्या मेंदूला आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या थोडं थोडं रक्त पोचवत राहतात. मुख्य रस्ता बंद झाला की गल्लीबोळातून वाट काढावी तसं. अशांचा मेंदू हळूहळू मरतो. स्कॅनमध्ये जिवंत राहिलेला भाग मोठा दिसला, तर उशिरानेही गुठळी काढून फायदा होतो. 'डॉन' नावाच्या अभ्यासात सहा ते चोवीस तासांमधले असे निवडक रुग्ण घेतले होते. २०१८ च्या सुरुवातीला छापलेल्या त्याच्या निकालात ४९ टक्के स्वावलंबी झाले, गुठळी न काढलेल्यांत फक्त १३ टक्के. त्याच वर्षी सोळा तासांपर्यंतच्या रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासातही असंच दिसलं, ४५ टक्के आणि १७ टक्के.

पण हे वाचून कुणी 'चोवीस तास आहेत की' असं म्हणू नये. हे निवडलेले रुग्ण होते. निवडीत न बसलेल्यांचा त्या ४९ टक्क्यांत समावेश नाही. आपल्या घरातल्या माणसाच्या मेंदूत गल्लीबोळ आहेत की नाहीत, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. ते कळतं स्कॅनमध्ये, आणि स्कॅन हॉस्पिटलात असतो.

अलीकडे, म्हणजे २०२२ नंतर, त्याहून गंभीर रुग्णांवरही अभ्यास झाले. ज्यांच्या मेंदूचा मोठा भाग आधीच खराब झाला होता, असे रुग्ण. पूर्वी त्यांना हात लावत नसत. जपान, चीन, अमेरिका, युरोप अशा ठिकाणच्या अभ्यासांत त्यांनाही फायदा दिसला. पण इथे खरं ते सांगायला हवं. अमेरिकेत आणि इतर काही देशांत मिळून झालेल्या अशा एका अभ्यासात गुठळी काढलेल्यांपैकी वीस टक्के स्वावलंबी झाले, न काढलेल्यांपैकी सात टक्के. आणि दोन्ही गटांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावले. म्हणजे ही जादूची कांडी नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, गुठळी काढूनही कुणी अंथरुणालाच खिळतं. डॉक्टर हमी देत नाहीत, देऊ शकतही नाहीत. मात्र जितकं लवकर पोचाल तितकी बाजू आपल्याकडे झुकते, हे पक्कं.

वेळ जातो कुठे?

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका घरात हा प्रसंग आला. बासष्ट वर्षांच्या काकू, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या. सकाळी आठ वाजता भांडी घासताना हातातून तांब्या पडला, उचलायला गेल्या तर हात उचलेना. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात त्या पोचल्या संध्याकाळी सहाला. तोवर मेंदूचा बराच भाग गेला होता, आता गुठळी काढून उपयोग नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकू आहेत, पण उजवी बाजू गेली ती गेलीच. चार-दोन शब्द बोलतात.

त्यांच्या सुनेशी बोलताना मी घरखर्च मांडतात तसा तो दिवस वहीत मांडला. आठ ते पावणेदहा घरीच. पित्त झालं असेल म्हणून लिंबूपाणी दिलं, पाय चोळले, पुण्याच्या मुलाला फोन केले, त्याचा फोन लागेना. दहा ते सव्वाअकरा गावातल्या दवाखान्यात, नंबर लावून. साडेअकरा ते दोन एका खासगी हॉस्पिटलात. तिथे आधी डिपॉझिट, मग सलाइन, मग मोठे डॉक्टर आले आणि सांगितलं की आमच्याकडे सीटी स्कॅनच नाही. दोन ते तीन गाडीची शोधाशोध. तीन ते सहा प्रवास. दहा तासांपैकी गाडीची चाकं फिरली ती जेमतेम साडेतीन तास! बाकी सगळा वेळ नुसता थांबण्यात गेला.

आपण नेहमी म्हणतो, 'आमच्याकडे सोयी नाहीत, शहर लांब आहे.' खरंच आहे. थ्रॉम्बेक्टॉमी मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत होते, तालुक्याला होत नाही. पण या वहीत रस्त्याचा वाटा किती आणि थांबण्याचा किती, ते बघा.

थांबण्याचा पहिला मोठा वाटा घरचा. 'जरा पड, बरं वाटेल.' 'रात्री जागरण झालं होतं ना.' 'ह्यांना येऊ दे.' 'मुलगा आला की बघू.' स्ट्रोकमध्ये बहुधा दुखत नाही, म्हणून कुणी घाबरत नाही. छातीत कळ आली की अख्खी गल्ली धावते, पण हात बधिर झाला तर तेल लावून बसतो. त्यात आपले घरगुती उपाय. कुणी तोंडात पाणी घालतं, कुणी कांदा हुंगवतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा, असा एक मेसेज तर वर्षानुवर्षं मोबाइलवर फिरतोय. यातल्या कशानेही गुठळी हलत नाही. उलट गिळता येत नसताना पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. अ‍ॅस्पिरिनची गोळीही आपल्या मनाने द्यायची नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करील.

दुसरा वाटा चुकीच्या दारांचा. जिथे सीटी स्कॅन नाही, तिथे स्ट्रोकच्या पेशंटला नेऊन सलाइन लावण्यात काही अर्थ नाही.

मग थेट मोठं शहर गाठावं, की जवळच्या सीटी स्कॅनच्या हॉस्पिटलात आधी जावं? हा प्रश्न नुसता आपल्याला पडत नाही. स्पेनमधल्या कॅटालोनियात, शहरांपासून लांबच्या भागात, नेमका हाच अभ्यास झाला. चौदाशेच्या आसपास रुग्ण घेतले. काहींना थेट गुठळी काढणाऱ्या केंद्रात नेलं, काहींना आधी जवळच्या स्ट्रोक केंद्रात. २०२२ साली निकाल आला, तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण तिथली जवळची केंद्रंसुद्धा तयारीची होती. स्कॅन लगेच, इंजेक्शन लगेच, आणि पुढे पाठवायचं असेल तर तेही लगेच. आपल्यासाठी धडा असा, की जवळचं हॉस्पिटल वाईट नाही, जर तिथे स्कॅन असेल आणि तिथली माणसं पेशंटला धरून बसणार नसतील. तिथे इंजेक्शन मिळालं तरी 'झालं आता, उद्या बघू' म्हणायचं नाही. मोठी गुठळी असेल तर पुढे जायचंच आहे.

हॉस्पिटलांनी मनावर घेतलं तर किती फरक पडतो, याचं उदाहरण फिनलंडमधल्या हेलसिंकीचं आहे. १९९८ साली तिथे पेशंट दारात आल्यापासून इंजेक्शन देईपर्यंत सरासरी १०५ मिनिटं जात. २०११ पर्यंत ती २० वर आली. त्यांनी काय केलं? अ‍ॅम्ब्युलन्समधून आधीच फोन, पेशंटची माहिती आधीच तयार, आणि दारातून पेशंट सरळ स्कॅनच्या टेबलावर. यातलं बरंचसं शिस्तीचं काम आहे.

आणि श्रीमंत देशांनाच हे जमतं असं नाही. आपल्याच देशात हिमाचल प्रदेशात डोंगराळ भागातल्या सरकारी रुग्णालयांमधले डॉक्टर स्कॅनचे फोटो मोबाइलवरून मेंदूतज्ज्ञाला पाठवून, सल्ला घेऊन, तिथल्या तिथे इंजेक्शन देऊ लागले, ते २०१४ पासून. आसाममध्ये आयसीएमआरने सीटी स्कॅन बसवलेली गाडीच पेशंटकडे नेण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रात १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा २०१४ पासून आहे. मोबाइल तर प्रत्येक डॉक्टरच्या खिशात आहे. मग आमच्या तालुक्यात हे का होत नाही, असं विचारायला काय हरकत आहे?

बाई आजारी पडते तेव्हा

आता त्या दोन वाक्यांकडे येते. उपचाराचा गुण बाईला पुरुषाइतकाच येतो, आणि वय झालेल्यांनाही येतो. विज्ञानाने भेदभाव केला नाही. तो आपण करतो. कारभारी पडले तर शेत गहाण टाकून गाडी निघते, आणि निघायलाच हवी. पण सासूबाई पडल्या तर? 'वय झालंय आता, कशाला त्यांचे हाल?' आणि सून पडली तर? 'नाटक करतेय' इथपासून 'माहेरी कळवा' इथपर्यंत. हे सगळ्याच घरांत होतं असं मी म्हणत नाही. पण कुठेच होत नाही, असं तुम्ही तरी म्हणाल का?

त्यात आपण स्वतःही कमी नाही. तोंड वाकडं झालं तरी आधी गॅस बंद करू, पोळ्या उरकू, पाहुण्यांचं बघू, मग सांगू. आणि ज्या बाईच्या हातात पैसा नाही, जिला नवऱ्याला विचारल्याशिवाय रिक्षा करता येत नाही, तिच्यासाठी वेळेत पोचणं म्हणजे आणखी एक परीक्षा. तरुण आहोत म्हणून आपल्याला होणार नाही, असंही धरून चालू नका. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत स्ट्रोकचा धोका वाढतो. बीपी वाढलेलं असून 'मला काही होत नाही' म्हणत गोळी न घेणाऱ्या बायका तर घरोघरी आहेत. स्ट्रोकचं सर्वांत मोठं कारण बीपीच आहे.

उलट बाजूने बघा, घरात कुणाला स्ट्रोक आला तर सर्वांत आधी बघते कोण? बहुतेक वेळा बाईच. आणि डॉक्टरांना सर्वांत आधी हवी असते ती एक माहिती तिच्याकडेच असते. 'पेशंट शेवटचा ठीक कधी दिसला?' सगळा हिशोब त्या क्षणापासून सुरू होतो. कित्येकांना झोपेतच स्ट्रोक येतो, सकाळी उठवायला गेल्यावर कळतं. तेव्हा 'रात्री दहाला झोपले' आणि 'पहाटे पाचला बाथरूमला जाऊन आले, तेव्हा माझ्याशी नीट बोलले' या दोन उत्तरांत सात तासांचा फरक आहे. त्या सात तासांवर कोणता उपचार द्यायचा हे ठरतं. दूधवाला आला तेव्हा, नळाला पाणी आलं तेव्हा, पोरं शाळेत गेली तेव्हा, असं आपलं घड्याळ असतं. ते सांगायला लाजू नका. मागे उभं राहून गप्प बसू नका. पुरुषमंडळी बोलत असली तरी पुढे होऊन सांगा.

एवढं करून ठेवा

ओळखायचं कसं, ते आधी. अचानक तोल जाणं, अचानक दिसेनासं होणं किंवा एकाचं दोन दिसणं, हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला वाकडं होणं, दोन्ही हात पुढे धरले तर एक खाली येणं, बोलताना जीभ जड होणं किंवा शब्द न सुचणं. यातलं एक जरी अचानक झालं तरी निघायचं. थोड्या वेळाने आपोआप बरं वाटलं तरी निघायचं, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

मग एक कागद घ्या आणि लिहून फ्रिजवर किंवा देवघराजवळ चिकटवा. १०८ नंबर. आपल्याला सर्वांत जवळ सीटी स्कॅन कुठे आहे, आणि तो रात्री, रविवारी, दिवाळीतही चालू असतो का. गुठळी काढण्याची सोय असलेलं हॉस्पिटल कोणत्या शहरात आहे, त्याचा फोन. रात्री-अपरात्री गाडी देणाऱ्या दोघांचे नंबर. घरातल्या मोठ्यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या. हे सगळं एका दुपारचं काम आहे. फोन करून विचारलं की कळतं.

पैशाचं बोलणंही आधीच होऊन जाऊ दे. या उपचाराला काही लाख रुपये लागतात, आणि ऐन वेळी सोनं मोडायचं की नाही यावर चर्चा करायला वेळ नसतो. आरोग्य विमा आहे का, त्यात काय बसतं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं हॉस्पिटल आहे आणि तिथे यातलं काय मिळतं, हे योजनेच्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला शांतपणे विचारून ठेवा. आणि घरात एक गोष्ट सर्वांदेखत ठरवा. असा प्रसंग आला तर जो घरात असेल तो निर्णय घेईल. मुलाला फोन गाडीत बसल्यावर. त्यात मग सून एकटी घरी असली तरी तिने कुणाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही, आणि नंतर 'कशाला एवढी घाई केलीस' असं तिला कुणी म्हणायचं नाही.

शेवटची गोष्ट घराबाहेरची. २९ ऑक्टोबर हा जागतिक स्ट्रोक दिन. त्या दिवशी बचत गटाच्या, महिला मंडळाच्या, भजनी मंडळाच्या बायकांनी दहा-पंधरा जणींनी मिळून आपल्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जावं. भांडायला जायचं नाही, तीन प्रश्न विचारायला जायचं. इथे रात्री स्कॅन होतो का? गुठळीचं इंजेक्शन इथे आहे का? आणि मोठी गुठळी निघाली तर पेशंटला पुढे कुठे आणि किती वेळात पाठवता? उत्तरं वहीत लिहून घ्या, तारीख घाला, सही मागा. पुढच्या वर्षी तीच वही घेऊन पुन्हा जा. हंडे घेऊन पाण्यासाठी नगरपालिकेवर मोर्चा काढणाऱ्या बायका आपण. या तीन प्रश्नांसाठी तर साधी वही-पेन पुरे आहे.